नाण्यावरचा रंग आपोआप आलेला की चढवलेला, कसं ओळखता?

छापाकाटा
बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

ऑनलाइन लिलावात एक १८८१-एस मॉर्गन डॉलर दिसला, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा. नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या (ग्रेडिंग) कंपनीच्या प्लास्टिक डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये नाही, सुटाच आहे. कडेला निळा-जांभळा, आत किरमिजी, मग पिवळा आणि मधोमध लिबर्टीच्या गालावर साधी चांदी. मागे गरुडाच्या बाजूलाही तसंच. विक्रेता म्हणतो, "टांकसाळीच्या मूळ पोत्यातला, अस्सल टोनिंग," म्हणजे रंग आपसूक चढलेला. याच सालाचा पांढरा डॉलर याच्या कितीतरी कमी भावात मिळतो, म्हणजे पैसे सगळे रंगाचेच आहेत.

दोन शंका. रंग नैसर्गिक की कुणी चढवलेला हे कशावरून ठरवायचं? आणि मुळात फरक का पडावा? चांदीला गंधक लागलं की सिल्व्हर सल्फाइडच होणार. ते कपाटात शंभर वर्षांत लागलं काय आणि कुणी डबीत कोंडून दोन दिवसांत लावलं काय.

खणखणाट
रुमाल टाकून ठेवतो. मागच्या वेळी याच विषयावर दोन जुन्या सदस्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

स्वच्छ_पांढरं
माझं मत ठरलेलं आहे. नाणं टांकसाळीतून निघालं तेव्हा पांढरं होतं. त्यावर नंतर जे चढलं ते काळवंडणंच, मग ते मोराच्या पिसासारखं दिसो नाहीतर तव्याच्या बुडासारखं. खराब झालेल्या नाण्याला जास्त पैसे द्यायचे, आणि वर ते खरोखर आपसूक खराब झालं की कुणी केलं यावर रात्र जागवायची! चालू द्या.

भिंगवाला
@स्वच्छ_पांढरं, तुमच्या संग्रहातली एकोणिसाव्या शतकातली झगझगीत पांढरी नाणी किती वेळा डिपमध्ये बुडून आलीत हे कधी तपासलंय का? डिप म्हणजे थायोयुरिया आणि पातळ आम्ल. ते सल्फाइड काढतं, पण सल्फाइड झालेली चांदीही त्याच्याबरोबर जाते. नाणं छापताना धातू दाबाखाली मधून कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात आणि नाणं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा गरगर फिरतो तो त्यांच्यामुळेच. दोन-चार डिप झाले की त्या रेषा बोथटतात. नाणं पांढरंच राहतं, पण मेलेलं दिसतं. ग्रेडिंगवाले त्याला सहसा काही बोलत नाहीत. रंग चढवणारा तेवढा बदमाश, रंग उतरवणारा मात्र सोज्वळ, हा न्याय मला कधीच पटलेला नाही.

स्वच्छ_पांढरं
सगळीच पांढरी नाणी डिप केलेली नसतात. अमेरिकी सरकारने १९७२ ते १९८० मध्ये तिजोरीतले कार्सन सिटी टांकसाळीचे डॉलर विकले, त्यातली कितीतरी पोत्याच्या मधल्या भागात राहिल्यामुळे जशीच्या तशी पांढरी निघाली. पण डिपबद्दल जे म्हणालात ते मान्य.

गंधक
रसायन तेच, हे छापाकाटा यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

टोनिंगमधले हे झगमगीत रंग म्हणजे सल्फाइडचा स्वतःचा रंग नव्हे. थराच्या वरच्या पृष्ठावरून परतणारा प्रकाश आणि थर ओलांडून खालच्या चांदीवरून परतणारा प्रकाश एकत्र येतात. काही रंग एकमेकांना मारतात, उरलेले आपल्याला दिसतात. थर किती जाड, त्यावर कोणता रंग उरणार हे ठरतं. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर, आणि हा सगळा खेळ काही दहा ते शे-दीडशे नॅनोमीटरमध्ये चालतो.

थर वाढत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात. आधी फिकट सोनेरी, मग गडद पिवळा, तांबूस तपकिरी, किरमिजी, जांभळट निळा, आकाशी. मग थर आणखी जाड झाला की पुन्हा फिकट पिवळा, पुन्हा किरमिजी आणि त्यानंतर हिरवा. शेवटी राखाडी-काळा. हिरवा पहिल्या फेरीत येतच नाही. त्यामुळे मोकळ्या सपाट जागेवर पिवळ्याला खेटून एकदम निळा दिसला आणि मधला किरमिजी गायब असला, तर मी थांबतो. जाडी एका जागी उडी मारून वाढलीय, म्हणजे तिथे काहीतरी लागलं असणार.

वेळेचा फरक पडतो तो इथे. हवेतला हायड्रोजन सल्फाइड अगदी किंचित असतो, थर संथ चढतो आणि पुठ्ठा, कापड, कड यांच्या आडोशाने एका जाडीतून दुसऱ्या जाडीत हळूच उतरतो. तीव्र द्रावणात किंवा गरम वाफेत तो भराभर आणि हवा तसा चढतो. अंतिम पदार्थ एकच असला तरी त्याची मांडणी वेगळी.

खणखणाट
कृती मिळेल का? साहित्य आणि प्रमाणासह.

गंधक
नाही. हा पाककृतींचा विभाग नाही.

कडेकडेने
गंधक यांच्या क्रमाच्या नियमाला एक पुस्ती. रंगाची उडी दिसली म्हणजे लबाडी असं दरवेळी नाही. पोत्यात एका डॉलरवर दुसरा डॉलर अर्धवट पडून राहिला की झाकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग रंगीत, मध्ये चंद्रकोरीसारखी स्पष्ट रेघ. ती रेघ अस्सलपणाची खूण मानतात. फक्त तिथे झाकणारी वस्तू काय होती हे आकारावरून कळायला हवं. नाण्याच्या कडेची गोलाई, कापडाची वीण, पुठ्ठ्याचं भोक. कशाचाच आकार नसलेली उडी असेल तर मग गंधक म्हणतात तसं थांबावं.

मी स्वतः आधी अक्षरांच्या पायाशी बघतो. मॉर्गनच्या पुढच्या बाजूला वर 'ई प्लुरिबस उनम' आहे, त्यातलं एखादं अक्षर दहापट भिंगाखाली घ्या. संथ चढलेल्या टोनिंगमध्ये अक्षराला अगदी लगटून एक बारीक पट्टी राहते जिथे रंग एक पायरी मागे असतो. मैदान (अक्षरांभोवतीची सपाट जागा) निळं असेल तर त्या पट्टीत किरमिजी, मैदान किरमिजी असेल तर पिवळा. ताऱ्यांच्या टोकांनाही तसंच. उठाव आणि सपाट जागा यांच्यात रंग आपली पायरी बदलतो. घाईने चढवलेला रंग अक्षरावरून, ताऱ्यावरून, मैदानावरून एकसारखा वाहत गेलेला दिसतो, नाहीतर खोबणीत साचून गडद झालेला. एकदा ही पट्टी डोळ्यांत बसली की मग दिसत राहते.

भिंगवाला
+१. आणि ओरखड्यांत बघा. रंग ओरखड्याच्या आत मैदानापेक्षा गडद असेल तर ओरखडा आधीचा, रंग नंतरचा. पुसून साफ केलेल्या नाण्यावर केसासारख्या समांतर रेघा असतात, त्यावर रंग चढवला की त्या झाकल्या जातात असं चढवणाऱ्याला वाटतं. दिवा तिरका धरला की त्याच आधी उठून दिसतात. नाणं रंगवण्यामागे निम्म्या वेळा सौंदर्य नसतंच, काहीतरी लपवायचं असतं.

छापाकाटा यांच्या "फरक का पडावा" ला माझं उत्तर एवढंच.

तांबडंफुटलं
चांदीवाल्यांच्या गप्पांत तांब्याला कुणी विचारत नाही म्हणून अवांतर.

तांब्यात लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी असे तीन वर्ग ठरलेत आणि एकाच ग्रेडचा लाल सेंट तपकिरीपेक्षा बराच महाग. त्यामुळे आमच्याकडे चढवण्यापेक्षा उतरवून पुन्हा 'लाल' करण्याचे उद्योग जास्त. तसं केलेलं तांबं गुलाबीसर आणि निर्जीव दिसतं, खऱ्या लालीत नारिंगी झाक असते. शिवाय बाजारातल्या काही क्लीनरनी तपकिरी सेंट निळे-जांभळे होतात. पूर्वी तसले निळे सेंट दिसले की लोक हरखून जायचे, आता आधी वास घेतात. तांबं निसर्गतः निळं होतच नाही असं नाही, टिश्यू कागदात गुंडाळून ठेवलेल्या जुन्या प्रूफ (संग्राहकांसाठी खास छापलेल्या) सेंटवर सुंदर निळे रंग असतात. पण सगळ्यांच्याच घरी टिश्यूतले प्रूफ कसे निघतात हो?

मातीतलं
मी प्राचीन नाणी बघतो, म्हणून हा वाद मला थोडा गमतीचा वाटतो. ग्रीक किंवा रोमन चांदीचं नाणं जमिनीतून निघतं तेव्हा त्यावर मातीचा, क्लोराइडचा, तांब्याच्या क्षारांचा थर असतो. जवळपास प्रत्येक नाणं कुणी ना कुणी साफ केलेलं आहे, तेव्हाच ते वाचता येतं. त्यानंतर ते एखाद्या संग्राहकाच्या लाकडी खणात शंभर वर्षं पडून राहिलं की त्याला जो करडा-निळसर रंग येतो त्याला आमच्याकडे 'कॅबिनेट टोनिंग' म्हणून मान देतात. म्हणजे साफ केलेलंच नाणं, पुन्हा काळवंडलेलं, आणि तरी आदराने बघितलं जातं. तुमच्या मॉर्गनवाल्यांच्या निकषाने आमचे सगळे संग्रह 'क्लीन्ड' म्हणून परत येतील.

कांस्याचं मात्र उलटं. तिथला घट्ट हिरवा पॅटिना (काळाने चढलेला थर) काढला की नाण्याचा जीव गेला. फक्त फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती पॅटिना समजू नका, तो क्लोराइडचा रोग आहे, तो धातू खात जातो आणि दमट हवेत फोफावतो.

सावली
@मातीतलं, लाकडी खण म्हणालात म्हणून विचारते. ओकचा खण चालतो का? घरात एक जुना आहे, आतून मखमल लावलेला.

मातीतलं
नाण्यांसाठी नको. ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते, शिशाचे टोकन तर त्यात पांढरी भुकटी होऊन जातात. जुने कॅबिनेट बनवणारे महोगनी वापरायचे ते उगीच नाही. मखमलीचं म्हणाल तर, ती लोकरीची असेल तर लोकरीत गंधक असतं, चांदी तिच्यावर लवकर रंगते. रबरबँड तर नाण्यांच्या जवळपासही नको, काळा पट्टा उमटतो.

सावली
मग माझा खरा प्रश्न. समजा मी मुद्दाम त्याच लोकरीच्या मखमलीवर चांदीचं नाणं ठेवलं, किंवा गंधकाचा अंश असलेल्या जुन्या खाकी पाकिटात घालून खिडकीशी ठेवलं आणि काही वर्षं वाट बघितली. माझा हेतू रंग आणायचाच होता. हे नैसर्गिक की कृत्रिम? आणि कुणी अजाणतेपणी तेच केलं असेल तर? नाणं दोन्हीकडे सारखंच दिसणार.

खणखणाट
याला निवृत्तिवेतन टोनिंग म्हणावं. फळ मिळेपर्यंत माणूस निवृत्त.

कडेकडेने
सावली यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. अमेरिकी टांकसाळीने १९४७ ते १९५८ (१९५० सोडून) जे मिंट सेट (त्या त्या वर्षीच्या नाण्यांचे संच) विकले ते पुठ्ठ्याच्या चौकटीत कागद लावून. त्या पुठ्ठ्याने हाफ डॉलर असे रंगवले की आज तेच सगळ्यात हवेहवेसे. मग लोकांनी काय केलं, जुने रिकामे पुठ्ठे गोळा करून त्यात साधी नाणी भरायला सुरुवात केली. पुठ्ठा अस्सल, गंधक अस्सल, काळ थोडा कमी. त्यातून निघालेलं नाणं बघून हेतू सांगू शकणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

भिंगवाला
म्हणूनच ग्रेडिंग कंपन्या हेतूच्या फंदात पडत नाहीत. पीसीजीएस १९८६ पासून आणि एनजीसी १९८७ पासून हे करतायत, आणि दोघांचाही व्यवहारातला निकष असा की हा रंग बाजाराला मान्य होईल का. नसेल तर पीसीजीएस त्यावर ९१ क्रमांकाचा शेरा मारते, 'शंकास्पद रंग'. कृत्रिम आहे असा आरोप त्यात नाही, फक्त शंका आहे. तो शब्द विचार करून निवडलेला आहे.

गल्ल्यातलं
माझा एक हाफ डॉलर एका कंपनीने शंकास्पद म्हणून परत पाठवला. तसाच, हातही न लावता, काही महिन्यांनी पुन्हा त्याच कंपनीकडे पाठवला तर ग्रेड घेऊन आला. रंग तोच, नाणं तेच, टपालखर्च दुप्पट. तेव्हापासून स्लॅब म्हणजे देववाणी मानणं सोडलंय. आणखी एक, स्लॅबमध्ये गेलं म्हणजे रंग गोठला असं समजू नका. ते प्लास्टिक हवाबंद नसतं, आतही नाणं हळूहळू रंगत राहतं. चांगलं रंगतं तसं वाईटही.

स्वच्छ_पांढरं
बघा! पांढरं घ्या, सुखी राहा.

गल्ल्यातलं
तुमचं पांढरंही त्याच प्लास्टिकमध्ये आहे की.

गंधक
कुणीतरी विचारेल म्हणून आधीच लिहितो, ॲसिटोनची चाचणी. शुद्ध ॲसिटोनमध्ये (नखांच्या रंगासाठीचं नको, त्यात इतर गोष्टी असतात) नाणं बुडवून काढलं तर वार्निश, मार्करचा रंग, तेल, पीव्हीसी पाकिटाचा हिरवट चिकटा निघून जातो. सल्फाइड जात नाही. म्हणजे रंग गेला तर तो नक्की थापलेला होता. रंग राहिला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण चढवलेलं सल्फाइडही सल्फाइडच. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको, आणि नाणं पुसू नका, टिपून घ्या.

कडेकडेने
आणि ही चाचणी नाणं विकत घेतल्यावरची. छापाकाटा यांच्याकडे आत्ता फोटोच आहेत. फोटोबद्दल दोन गोष्टी: नाणं धरलेली बोटं दिसत असतील तर बोटांचा रंग बघा. बोटं शेंदरी झाली असतील तर नाण्याचे रंगही तेवढेच फुगवलेत. दुसरं, व्हिडिओ मागा. एकाच दिव्याखाली नाणं सावकाश तिरकं करत न्यायचं. खऱ्या पातळ थरात प्रकाशाचा पट्टा रंगांच्या *खालून* फिरताना दिसतो, रंग पेटतात आणि विझतात. एका जागी थिजलेला रंग असेल तर प्रश्न आहे.

तांबडंफुटलं
मूळ धाग्यावर परत येतो. कुणी लक्ष दिलं नाही, पण विक्रेता म्हणतोय पोत्यातला. हजार-हजार डॉलर कॅनव्हासच्या पोत्यांत भरून तिजोरीत ठेवायचे, बरोबर? मग कापडाला लागलेली एक बाजू रंगणार, दुसरी शेजारच्या डॉलरला चिकटलेली. छापाकाटा यांच्या नाण्याला दोन्ही बाजूंना सारखी वर्तुळं आहेत. पोत्यात हे कसं जमलं?

भिंगवाला
शाबास, हे मीच आधी लिहायला हवं होतं. पोत्यातलं टोनिंग बहुतेक वेळा एकाच बाजूला, तिरपं, कधी कापडाच्या विणीसकट. दोन्हीकडे कडेपासून आत जाणारी वर्तुळं ही पुठ्ठ्याच्या अल्बमची गोष्ट आहे, भोकात दाबून बसवलेलं नाणं, गंधक कडेने आत शिरतं.

पण विक्रेत्याची गोष्ट खोटी म्हणून नाणं खोटं ठरत नाही. त्यालाही कुणीतरी 'पोत्यातलं' सांगूनच विकलं असेल.

आणि १८८१-एसबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोची १८८० ते १८८२ ची नाणी ठसठशीत आणि भरपूर. त्यामुळे अस्सल रंगीत सगळ्यात जास्त याच सालांत सापडतात आणि रंगवणारेही हीच उचलतात, बिघडली तरी फार नुकसान नाही. साल बघून कुठल्याच बाजूला झुकू नका.

छापाकाटा
सगळ्यांचे आभार. व्हिडिओ मागितला होता, आला. पोत्याचंही विचारलं, तर आता "आजोबांच्या अल्बममधला" असं उत्तर आहे.

जे दिसलं ते लिहितो. बोटं नेहमीच्या रंगाची आहेत, म्हणजे फोटो फुगवलेला नाही. मागच्या बाजूला गरुडाच्या पंखांवर प्रकाशाचा पट्टा फिरतो. पुढच्या बाजूला तो मैदानातल्या निळ्यापाशी येऊन बुडतो, पलीकडे निघतच नाही. गालावर, जिथे मी साधी चांदी म्हणालो होतो, तिथे तिरक्या उजेडात बारीक समांतर रेघा आहेत. आणि हनुवटीच्या खाली, अगदी मोकळ्या मैदानात, पिवळ्याला लागून सरळ निळा. मध्ये किरमिजी नाही, आणि त्या सीमारेषेला कसलाच आकार नाही. अक्षरांच्या पायाशी पट्टी आहे का ते व्हिडिओत कळत नाही.

कडेकडेने
रेघा आणि बुडणारा पट्टा, दोन्ही पुढच्याच बाजूला?

छापाकाटा
हो, दोन्ही पुढे.

भिंगवाला
मग माझा अंदाज, पुढची बाजू कुणीतरी पुसली होती आणि मागच्या बाजूशी जुळावी म्हणून तिला रंग दिला. मागची बाजू अस्सल असू शकते. ग्रेडिंगला पाठवलंत तर शेरा नाण्याला मिळतो, बाजूला नाही. मी सोडलं असतं.

गंधक
सहमत.

स्वच्छ_पांढरं
डिप करा, दोन्ही बाजू एकसारख्या होतील.

खणखणाट
अर्धं अस्सल, अर्धं नक्कल, आणि यांचा उपाय दोन्ही धुऊन टाका!

छापाकाटा
सोडलं. लिलाव संपायला अजून वेळ आहे, बोली चढतेच आहे. त्याच विक्रेत्याकडे १८८०-एस एक आहे, एकाच बाजूला रंगलेला, डावीकडे रेखीव चंद्रकोर. अक्षरांच्या पायाचे जवळचे फोटो मागितलेत, आले की इथेच टाकतो.

कडेकडेने
टाका. चंद्रकोरीची गोलाई डॉलरच्या कडेशी जुळते का तेही आधी मोजून ठेवा.